स्लॅग फाटकाबाहेर गेला, एवढ्याने तो वापरला गेला असे होत नाही: पोलाद कारखान्यांच्या संचालकांना खुले पत्र

माननीय संचालक मंडळ,

सादर नमस्कार.

तुमच्या यंदाच्या वार्षिक अहवालात एक हिरवे वर्तुळ छापले आहे. वर्तुळात '१०० टक्के' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'स्लॅगचा संपूर्ण पुनर्वापर'. (स्लॅग म्हणजे लोखंड-पोलाद बनवताना निघणारी मळी, थंड झाली की दगडासारखी.) अहवाल हाती पडला त्याच आठवड्यात यार्डातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. एलडी स्लॅग मुरवण्याचा काळ सहा महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणलाय, म्हणाला. जागा पुरत नाही म्हणून. (एलडी ही पोलाद बनवायची भट्टी; तिचा स्लॅग वापरण्याआधी पाणी मारून उघड्यावर मुरू द्यावा लागतो.) मी फोन ठेवला आणि ते वर्तुळ पुन्हा काढून पाहिले. वर्तुळ पुरे करायचे तर ढीग हलायला हवा, आणि ढीग लवकर हलवायचा तर मुरवण्यावरच कात्री चालवावी लागते. हे मला गप्प बसून पाहवत नाही.

कारखान्याचे नाव घेत नाही. असे वर्तुळ छापणारे तुम्ही एकटे नाही आणि ही घाई तर जिथे जिथे पोलाद बनते तिथे आहे. ज्यांना हे पत्र आपल्याला लागू पडते असे वाटेल, त्यांनी ते आपल्याला आले असे समजावे.

मी एकतीस वर्षे स्लॅगच्या प्रयोगशाळेत काढली. पहिली काही वर्षे झोतभट्टीच्या (जिथे खनिजापासून कच्चे लोखंड बनते) बाजूला, नंतर निवृत्तीपर्यंत एलडीच्या. नमुना दळायचा, गरम एथिलीन ग्लायकॉलमध्ये मोकळा (कशाशीही न जुळलेला) चुना उतरवायचा, गाळायचे, टायट्रेशन करायचे, आकडा लिहायचा, सही करायची. अशा हजारो कागदांवर माझी सही आहे. त्यातला एक कागद माझ्या स्वतःच्या घराखाली गाडला गेला, ते आधी सांगते.

कर्मचाऱ्यांना घराच्या भरावासाठी स्लॅग द्यायची योजना निघाली होती. आम्ही चार डंपर घेतले. जोत्यात भरला, पाणी मारून चोपला, वर काँक्रीट, त्यावर फरशी. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघराचे दार खाली घासायला लागले. लाकूड फुगले असेल म्हणून रंधून घेतले. दोन महिन्यांनी पुन्हा घासायला लागले. मग एका सकाळी ओट्यासमोरच्या दोन फरश्या एकमेकींना टेकून छपरासारख्या उभ्या राहिलेल्या दिसल्या. खालचे काँक्रीट फोडले, तर काळ्या खड्यांच्या मध्ये बोराएवढे पांढरे गोळे. चिमटीत धरले की पीठ. फिनॉल्फथॅलीनचा थेंब टाकला, लालगुलाबी झाला. पण तो सिमेंटवरही होतो, त्यामुळे घरच्या घरी निकाल देण्यात अर्थ नव्हता. नमुना बरणीत भरून प्रयोगशाळेत नेला आणि व्हायची ती खात्री झाली. चुनाच होता, अर्धा विझलेला, अर्धा अजून कळीचा.

त्या ढिगाच्या तपासणीच्या कागदावर सही माझी होती: 'मोकळा चुना मर्यादेत, भरावास योग्य'. आकडा खोटा नव्हता. नमुना ढिगाच्या वरच्या हातभरातला होता, पावसाने आणि हवेने मुरलेला. आतल्या पोटातला माल माझ्यापर्यंत आलाच नाही आणि मीही मागितला नाही. म्हणजे या पत्रात मी तक्रारदार आहे तशी थोडी आरोपीही आहे.

आता मुद्द्यावर येते. ज्यांनी यार्ड कधी पाहिले नाही अशा वाचकांसाठी दोन गोष्टी सांगाव्या लागतील. तुम्हाला त्या माहीत आहेत.

एलडी हे नाव ऑस्ट्रियातल्या लिंझ आणि डोनाविट्झ या दोन गावांवरून पडले. लिंझला १९५२ मध्ये आणि डोनाविट्झला १९५३ मध्ये शुद्ध ऑक्सिजन वरून फुंकून पोलाद बनवायला सुरुवात झाली. ब्लो पंधरा-वीस मिनिटांचा. तेवढ्यात लोखंडातला सिलिकॉन आणि फॉस्फरस पकडायला चुना टाकायचा, भट्टीचे अस्तर वाचवायला मॅग्नेशिया असलेला डोलोमाइट टाकायचा. इतक्या थोड्या वेळात सगळा चुना विरघळत नाही. काही कळ्या जशाच्या तशा स्लॅगमध्ये अडकतात, काही चुना स्लॅग थंड होताना वेगळा पडतो. या मोकळ्या चुन्याला पाणी लागले की तो विझतो आणि विझताना त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. मॅग्नेशियाचे तर दुपटीहून जास्त, आणि तो मोठा आळशी. कधीकधी वर्षानुवर्षे स्वस्थ बसून मग फुगतो. काँक्रीटच्या खाली हे झाले की फरशी उठते, रस्त्याखाली झाले की डांबराला गळू येते.

म्हणून हा स्लॅग आधी मुरवावा लागतो. चुन्याच्या बाबतीत हे ज्ञान काही नवे नाही. रोमन लोकांच्या जुन्या बांधकाम-नियमात तीन वर्षांपेक्षा ताजा चुना वापरायला ठेकेदाराला बंदी होती. त्यांच्याकडे वार्षिक अहवाल नव्हते, हे त्यांचे भाग्य.

पहिली तक्रार त्या शंभराच्या आकड्याबद्दल. कारखान्यात स्लॅग एक नसतो. झोतभट्टीत एक टन कच्चे लोखंड बनवताना साधारण ३०० किलो स्लॅग निघतो. तो वितळलेला असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झटकन थंड केला की काचेसारखे दाणे होतात आणि ते दळले की सिमेंटचे काम करतात. हा गुण जर्मनीत एमिल लांगेनने १८६२ मध्ये ओळखला. तेव्हापासून त्या स्लॅगला गिऱ्हाईक आहे, आज तर सिमेंटवाले दारात उभे असतात. एलडीचा स्लॅग वेगळा. टन पोलादामागे १०० ते १५० किलो, सावकाश थंड झालेला, स्फटिकी, लोहाने जड आणि आत मोकळा चुना. त्याला गिऱ्हाईक शोधावे लागते. तुम्ही दोन्हींची बेरीज करून एकच टक्केवारी देता. ३०० किलोचा पहिला स्लॅग सगळा विकला आणि १२० किलोच्या दुसऱ्यातला निम्माच उचलला गेला, तरी बेरीज ८५ टक्क्यांच्या वर जाते. एलडीचे ५० टक्के त्या बेरजेत दिसेनासे होतात. मग उरलेले टक्के कुठून येतात? जुन्या खाणीचा खड्डा भरला, 'वापर'. स्वतःच्याच आवारात सखल जागा उंच केली, 'वापर'. कर्मचाऱ्यांच्या जोत्यात घातला, तोही 'वापर'. माझी उखडलेली फरशी तुमच्या एका वर्षाच्या टक्केवारीत बसलेली आहे.

हा आकडा फाटकावरच्या काट्यावर मोजला जातो. डंपर बाहेर पडला की काम झाले. बाहेर पडलेल्या मालाचे पाच वर्षांनी काय झाले याची नोंद ठेवणारे एकही रजिस्टर मी एकतीस वर्षांत पाहिले नाही.

दुसरी तक्रार: ढीग एक करू नका. एलडीचा स्लॅग, लॅडल भट्टीचा (जिथे बनलेल्या पोलादाची शेवटची शुद्धी होते) स्लॅग, गंधक काढताना निघालेला स्लॅग हे तिन्ही रात्रपाळीत एकाच उतारावर ओतले जाताना मी पाहिले आहेत. लॅडल भट्टीच्या स्लॅगमधले डायकॅल्शिअम सिलिकेट थंड होताना ५०० अंशांच्या आसपास आपली रचना बदलते, दहा टक्क्यांहून जास्त फुगते आणि दगडाचा आपोआप भुगा होतो. संध्याकाळी घट्ट दिसणारा डोंगर सकाळी राखाडी पिठासारखा. तो एलडीच्या खडीत मिसळला की खडीही गेली आणि पीठही गेले. ते वेगळे ठेवले तर त्यात पुष्कळ चुना असतो, तो पुन्हा भट्टीतच वापरता येतो. वेगळे ठेवायला लागते ते फक्त एक जास्तीचे कुंपण आणि पाळीच्या मुकादमाला ठणकावून सांगणारा माणूस.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार मुरवण्याची. सहा महिन्यांचे सहा आठवडे केले, हे तर झालेच. पण सहा महिने ठेवूनसुद्धा तो नीट मुरत होता का? बारा-पंधरा मीटर उंच ढिगावर पाणी मारले की वरचा थर विझतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची कडक साय बनते आणि पुढे पाणी आत शिरतच नाही. पोट कोरडे राहते. ढीग कमी उंचीचा हवा, ओला राहायला हवा आणि पोकलेनने ठरावीक दिवसांनी उलटापालटा व्हायला हवा. उलटवताना आतून वाफ निघते, तीच खूण असते की आत अजून काम बाकी आहे. आमच्या यार्डात पोकलेन दोन होते आणि दोन्ही लोखंड वेचणाऱ्या मॅग्नेटच्या दिमतीला.

जागा नाही हे कारण मी समजू शकते. पण त्याला उपाय आहेत आणि ते कागदावरचे नाहीत. जपानमधले कारखाने स्लॅगच्या ढिगाला ताडपत्रीखाली वाफ देऊन महिन्यांचे काम काही दिवसांवर आणतात. दाबाच्या बंद भांड्यात वाफ दिली तर काही तासांवर. पोलाद कारखान्यात वाफ ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. १६०० अंशांच्या वितळलेल्या स्लॅगची उष्णता तर आपण रोज खड्ड्यात ओतून आकाशाला देतो. वेळ कमी करायचा असेल तर वाफ आणा, मग खुशाल सहा आठवड्यांचे सहा दिवस करा. वाफही नाही आणि वेळही नाही, हा सौदा कारखान्याच्या सोयीचा असतो आणि त्याचा तोटा ज्याच्या दाराखाली चुना फुगतो त्याच्या पदरी पडतो.

नमुना घेण्याची पद्धतही याच तक्रारीत धरा. ढिगाच्या आतून, वेगवेगळ्या खोलीवरून नमुना हवा. आणि नुसता चुन्याचा आकडा पुरत नाही, कारण ग्लायकॉलमध्ये विझलेला आणि न विझलेला चुना दोन्ही उतरतात आणि मॅग्नेशिया तर उतरतच नाही. प्रसरणाची चाचणी करायला हवी: खडी साच्यात दाबून, वाफेत किंवा गरम पाण्यात ठेवून ती प्रत्यक्ष किती फुगते ते मोजायचे. ही चाचणी युरोपच्या आणि अमेरिकेच्या मानकांत आहे, तिला लागणारे साहित्य एका टेबलावर मावते. आमच्याकडे ते होते. निकाल यायला दिवस लागतात म्हणून त्यावर कापड टाकून ठेवले होते.

पाण्याबद्दल थोडक्यात. ताज्या स्लॅगमधून झिरपणाऱ्या पाण्याचा सामू १२ च्या वर जातो. यार्डाच्या नाल्यात काठाला जी पांढरी खरवड साचते ती त्याचीच. असे पाणी ओढ्यात गेले की मासे राहत नाहीत. एलडी स्लॅगमध्ये व्हॅनेडियम असते, स्टेनलेसच्या स्लॅगमध्ये क्रोमियम. ते पाण्यात किती उतरते हे प्रत्येक वापराआधी तपासायला हवे. नेदरलँड्समध्ये स्लॅगचे जाड थर भरावात घातले गेले, भूजलाचा आणि आसपासच्या पाण्याचा सामू चढल्याच्या घटना घडल्या आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारला काही प्रकारच्या वापरावर तात्पुरती बंदी आणावी लागली. हीच वस्तू डांबरात गुंडाळून पातळ थरात वापरली तर तिचा पाण्याशी संबंध फार थोडा येतो. कुठे आणि किती जाड, यावर सगळे आहे.

आणि माणसे. ओल्या खड्ड्यात वितळलेला स्लॅग ओतला की खाली अडकलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि स्लॅग तोफेसारखा उडतो. खड्डा कोरडा आहे की नाही हे पाहायला जो माणूस काठावर उभा राहतो तो बहुतेक वेळा ठेकेदाराचा असतो, तुमच्या हजेरीपटावर नसतो. तुमच्या अहवालात सुरक्षेचेही एक वर्तुळ आहे, त्यात तो मोजला आहे का, एवढेच विचारते.

हे पत्र वाचून कोणी 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो, स्लॅग नकोच' असे म्हणणार असेल, तर रस्त्याच्या निविदा लिहिणाऱ्या त्या अभियंत्यांनाही माझे दोन शब्द आहेत. तुमच्या निविदेत 'फक्त नैसर्गिक खडी' ही ओळ आणखी किती वर्षे चालणार? नीट मुरवलेला स्लॅग खडी म्हणून उत्तम आहे. कोनदार, कडक, झिजायला चिवट, डांबराशी चिकटणारा. हजिऱ्याला २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने सहा पदरी रस्त्याचा एक किलोमीटर प्रक्रिया केलेल्या स्लॅगवर बांधला गेला, नैसर्गिक खडी न वापरता. त्यातला 'प्रक्रिया केलेल्या' हा शब्द बातम्यांत हरवला, तो मी इथे परत ठेवते. तुमची खरी अडचण मला ठाऊक आहे. स्लॅगची खडी नेहमीच्या खडीपेक्षा सुमारे वीस टक्के जड. ट्रक भरायच्या आधीच त्याची वजनाची मर्यादा संपते, आणि टनावर हिशेब केला तर तेवढ्याच रस्त्याला जास्त टन लागतात. मग हिशेब घनमीटरवर करा आणि वाहतुकीचे अंतर मर्यादित ठेवा. त्यासाठी चांगला दगडच नाकारण्याचे कारण नाही. तुम्ही एका बाजूने डोळे मिटून नाही म्हणता आणि दुसऱ्या बाजूने भराव टाकणारा ठेकेदार डोळे मिटून हो म्हणतो. चांगला स्लॅग अडून राहतो, कच्चा निघून जातो.

संचालकांकडे परत येते. एकेकाळी याच धंद्याने स्लॅगची इज्जत राखली होती. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस नावाच्या, पोलीस कोर्टात कारकुनी करणाऱ्या तरुणाने १८७० च्या दशकात फॉस्फरस असलेल्या लोखंडापासून पोलाद बनवण्याची रीत काढली. फॉस्फरस स्लॅगमध्ये उतरला. तो स्लॅग दळून पुढे कित्येक दशके युरोपच्या शेतांत खत म्हणून गेला. शेतकरी पोती मोजून घेत, त्यात फॉस्फेट किती ते विचारत. आज तोच फॉस्फरस आपल्याला नडतो. एलडी स्लॅग सिंटर प्लांटमध्ये (जिथे झोतभट्टीसाठी बारीक खनिज भाजून त्याची ढेकळे करतात) परत घातला तर चुनखडी आणि लोह दोन्ही वाचतात, पण फेऱ्यागणिक फॉस्फरस साठत जातो म्हणून त्याला मर्यादा येते. तो वेगळा काढण्याच्या कामाला पैसे द्या, असे आम्ही प्रयोगशाळेतून दोनदा लिहून पाठवले होते. दोन्ही कागदांची पोच मिळाली, उत्तर नाही.

पुढचा काळ आणखी अवघड आहे. कोळशाच्या झोतभट्ट्या बंद व्हायला लागल्या आहेत; वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटची शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये विझली. जिथे भट्टी विझते तिथला सिमेंटचा लाडका दाणेदार स्लॅगही संपतो. मागे राहतो तो विजेच्या आर्क भट्टीचा लोहयुक्त स्लॅग, जो नुसता दळून सिमेंट होत नाही. जगात वर्षाला सुमारे १९० कोटी टन पोलाद बनते, त्यामागे पोलादाचा स्लॅग धरा वीस-पंचवीस कोटी टन. त्या वेळी बेरजेत लपवायला दुसरा स्लॅग नसेल.

माझ्या मागण्या अशा.

झोतभट्टीचा स्लॅग, एलडीचा स्लॅग आणि लॅडलचा स्लॅग यांचे आकडे अहवालात वेगवेगळे छापा. खड्डा भरणे आणि आवारात सपाटी करणे यांना 'विल्हेवाट' म्हणा, 'पुनर्वापर' म्हणू नका.

मुरवण्याचा काळ दिवसांत ठरवू नका, प्रसरणाच्या निकालावर ठरवा. निकाल येत नाही तोवर ढीग हलणार नाही, आणि हे थांबवण्याचा अधिकार प्रयोगशाळेला द्या, उत्पादन विभागाला नको.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खेपेबरोबर कागद द्या: कोणत्या ढिगातला माल, किती दिवस मुरवला, चुना किती, प्रसरण किती, पाण्यात काय उतरते. घराच्या जोत्यात आणि काँक्रीटच्या फरशीखाली एलडी स्लॅग द्यायचा बंद करा, निकाल कितीही चांगला असला तरी. रस्त्यावर एखादे गळू दुरुस्त करता येते, घर तसे करता येत नाही.

आजवर कुठे कुठे स्लॅग दिला त्याची यादी जाहीर करा. ती वजनकाट्याच्या जुन्या पावत्यांत आहे, मी स्वतः पाहिली आहे.

खड्ड्याच्या काठावरच्या माणसाला तुमच्या हजेरीपटावर घ्या.

चाचणीचे ते यंत्र प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर आहे. हलवले नसेल तर अजून तिथेच असेल. वापरायचे कसे ते नव्या मुलांना दाखवायला मी येईन, त्याचे मानधन नको. आणि माझ्या स्वयंपाकघराखालून काढलेला नमुना बरणीत जपून ठेवला आहे. तुमच्या नोंदींशी ताडून पाहायचा असेल तर मागवून घ्या. बरणीचे झाकण घट्ट आहे, हवा लागलेली नाही.

आपली,
स्लॅग प्रयोगशाळेतली एक निवृत्त रसायनतज्ज्ञ